शांततेची प्रत

१

तुम्ही विकलंत त्या बायकांना. तुम्ही म्हणजे कोण ते मला ठाऊक नाही. पण हे वाचताना ज्याची नजर क्षणभर इकडेतिकडे होईल त्याने समजून घ्यावं, मी त्यालाच म्हणते आहे. त्या बोलल्या त्या आमच्या शब्दावर. तुमचं नाव या दाराबाहेर जाणार नाही, असं मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं होतं. आणि ते गेलं.

असं लिहिलं की जरा बरं वाटतं. राग धरायला माणूस लागतो, आणि कुठेतरी माणूस आहे असं धरलं की बाकीचं सगळं डोक्यात बसतं. म्हणून आधी डोक्यात बसणारं सांगते.

माझं काम नावं कापण्याचं. कॉलेज संपल्या संपल्या मी वकीलबाईंच्या ऑफिसात लागले. ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि फक्त वकीलबाईंचं ऐकणारं एक झेरॉक्स मशीन. पगार यथातथाच. पण मला पगारासाठी काम करायचंच नव्हतं. मला जग सरळ करायचं होतं, आणि तेही लवकर.

आमची केस एका शुश्रूषागृहाविरुद्ध होती. तिथे म्हाताऱ्या माणसांना झोपेच्या गोळ्या देऊन पलंगाला बांधून ठेवत. एक आजोबा बांधलेलेच गेले. मालक म्हणजे बडं प्रस्थ. त्याच्याविरुद्ध बोलायला डॉक्टर तयार नव्हते, नातेवाईक तर त्याहून नव्हते. तयार झाल्या त्या तिथे पूर्वी काम केलेल्या तीन आया. एक आता शिवणकाम करायची, दुसरी नवऱ्याच्या इस्त्रीच्या दुकानात उभी राहायची, आणि तिसरी माझी मावशी. आई गेल्यापासून मी मावशीकडेच वाढले.

तिघींच्या साक्षी आम्ही त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्ड केल्या. बाई बोलता बोलता स्वतःचं नाव घेते, मुलाची शाळा सांगते, ‘आमच्या समोरचा दवाखाना’ म्हणते. ते सगळं मी लॅपटॉपवर ऐकून कापायचं. सुनावणीत न्यायाधीशांना आवाज ऐकू यावा, पण त्यावरून बाई सापडू नये.

आता, नाव कापलं की तिथे भोक पडतं. त्यात नुसती शांतता भरून चालत नाही. नुसती शांतता मेलेली असते, कान लगेच दचकतो. प्रत्येक खोलीची आपली आपली शांतता असते. कुठे फ्रिजची घरघर, कुठे पंख्याचं एक पातं वाकडं, कुठे भिंतीपलीकडे वाहणारा नळ. भोक बुजवायचं तर त्याच खोलीच्या शांततेने. म्हणून प्रत्येक साक्षीच्या शेवटी मी म्हणायचे, “आता एक मिनिट कोणी बोलायचं नाही हं.” मग आम्ही सगळे गप्प बसायचो आणि मशीन ती शांतता टिपून घ्यायचं. शिवणवालीला त्या मिनिटात हसू आवरेना. इस्त्रीवालीने डोळे मिटून हात मांडीवर ठेवले. मावशी म्हणाली, “एवढ्यासाठी शिकलीस तू? गप्प बसायला तर मी फुकट सांगत होते.”

माहितीच्या बाबतीत मात्र आम्ही हयगय केली नाही. लॅपटॉपचं इंटरनेट कायमचं बंद. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. पासवर्ड इतका लांब की टाकून होईपर्यंत चहा गार व्हायचा. आणि प्रत एकच. “दोन प्रती म्हणजे दोन दारं,” वकीलबाई म्हणायच्या. लॅपटॉप माझ्या नजरेआड जायचा नाही. कापलेली नावं मी रोज पुसून टाकायचे.

शांतता पुसत नव्हते. शांतता ही कुणाची खासगी माहिती असते, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

२

लॅपटॉप जुना होता आणि अधूनमधून हँग व्हायचा. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा, कोपऱ्यातलं घड्याळ थांबायचं, आतला पंखा विमान सुटल्यासारखा ओरडायला लागायचा. आवाज चालू असेल तर तो अर्ध्या अक्षरावर अडकून घर्रर्र वाजत राहायचा. मग बटण दाबून धरायचं, पडदा काळा होऊ द्यायचा आणि पुन्हा सुरू करायचं. एवढीच कटकट.

त्या दुपारी मी शिवणवालीच्या साक्षीतलं एक भोक बुजवत होते आणि तो हँग झाला.

घर्रर्र झालं नाही. हेडफोनमध्ये एक खोली आली.

मी ओळखली ती. शिवणवालीची. वर पत्रा आहे तिच्या, उन्हाने तापला की टक… टक… असा वाजतो. खाली कुठेतरी पाण्याचा पंप. तिच्याकडे टिपलेलं मिनिट पुढे चालू राहिलंय, मी म्हटलं, बाकी सगळं अडकलंय आणि हे सुटलंय. असं होऊ शकतं. मी ऐकत राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

मिनिट संपलं असणार, पण खोली संपेना. टक… टक…

काहीतरी कमी होतं. चष्मा विसरून घराबाहेर पडलं की कसं वाटतं, तसं. थोड्या वेळाने लक्षात आलं. शिवणवालीच्या नाकात एक बारीकशी शिट्टी आहे, श्वास घेताना वाजते. भोकं बुजवताना मला त्या शिट्टीचा फार त्रास व्हायचा. दर वेळी ती चुकवून तुकडा घ्यावा लागे. आता ती शिट्टी नव्हती. माझ्या खुर्चीची करकर नव्हती. दाबलेलं हसू नव्हतं. खोली तीच होती, फक्त तिच्यात कोणी नव्हतं.

मी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. पंखा थांबला.

टक… टक…

शांतता अजून थोडा वेळ चालू राहिली. मग तीही गेली.

पुन्हा सुरू केल्यावर मी ती फाइल उघडली. मिनिटभराची, होती तशीच. शिट्टीही होती, हसूही होतं.

“हेडफोनमध्ये वीज उरलेली असते थोडी,” वकीलबाई कागदातून वर न बघता म्हणाल्या. त्यांना विजेतलं काही कळत नाही, पण कोर्टाची सवय. न कळलेलंही त्या ठामपणे सांगतात. “आणि हे बघ, लॅपटॉपमध्ये तुला भुतं दिसायला लागली तर मला तुझा पगार वाढवावा लागेल. दिसू देऊ नकोस.”

मी हसले. मला पटलं होतं. मला नेहमी जे पटायला हवं असतं ते पटतं.

३

दुसऱ्या दिवशी एक तारीख विचारून घ्यायला मी शिवणवालीकडे गेले. लोखंडी जिना, वर दोन खोल्या, पहिली तिची. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. शेजारीण बादली घेऊन बाहेर आली.

“नाहीये ती.”

“कुठे गेली?”

“मला काय सांगून जाते होय? काल दुपारी मशीन चालू होतं. भर झोपेच्या वेळी खडखड खडखड. मी म्हटलं जाऊन चांगलं खडसावते. तेवढ्यात बंदच झालं.”

“आणि मग?”

“मग काय, झोपले मी.”

मी आत गेले. चपला दाराशी होत्या. मशीनवर एक लहान मुलाचा शाळेचा सदरा होता, बाही अर्धी लागलेली, सुई कापडात उतरलेली. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती मला म्हणाली होती की मशीनवरून उठायचं तर आधी सुई वर, मग बाकीचं जग. घराला आग लागली तरी. तिला तिच्या हातातल्या कामाचा असा अभिमान होता.

मी उभी राहिले आणि कान दिला. आमच्या कामाची सवय, खोलीत शिरलं की आधी कान. टक… टक… खाली पंप.

आदल्या दिवशी ऐकलं ते हेच होतं. हुबेहूब. मी ऐकलं ते जुनं रेकॉर्डिंग नव्हतंच. ते कालचं होतं.

जिना उतरताना मी स्वतःला चार शब्द सुनावले. पत्रा काय रोजच तापतो, पंप काय रोजच चालतो. बाई घाबरली आणि पळाली, एवढंच. पण अनवाणी?

पोलीस चौकीत साहेब म्हणाले, “मोठी बाई आहे, येईल की. भांडण वगैरे?” वकीलबाईंनी टेबलावर हात आपटला. मीही आपटला असता, पण त्यांनी माझ्या पायावर पाय ठेवला होता.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “दबाव आणलाय कोणीतरी. म्हणजे तिचा पत्ता कळलाय. कुठून कळला?”

आम्ही दोघींनी एकदमच माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत लॅपटॉप होता.

“इंटरनेट बंद आहे,” मी म्हटलं.

“मग ते दार नव्हे. दुसरं शोध.”

४

मी शोधलं. एकेक प्रोग्रॅम तपासला, नको ते काढून टाकलं, पासवर्ड बदलला, पूर्वीपेक्षा लांब केला. काही सापडलं नाही. मग वकीलबाईंनी स्वतःचाच नियम मोडला. एक बाई नाहीशी झाल्यावर तिचा आवाज एवढाच पुरावा उरला होता, आणि तो एका मरायला टेकलेल्या मशीनमध्ये होता. “दुसरी प्रत काढ,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्या हातात आणून दे.”

ऑफिसातच काढायला बसले. पलीकडच्या खोलीत वकीलबाई फोनवर कुणाला तरी झापत होत्या. हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि थांबली. बाण थिजला. घड्याळ थांबलं.

हेडफोन माझ्या गळ्यात होते, कानांवर नव्हते. मी ते घालायला नको होते. पण ज्याला ऐकायचंच काम असतं त्याला न ऐकणं जमत नाही.

इस्त्रीच्या दुकानामागची खोली. वाफेची सुस्स… सुस्स… भिंतीपलीकडे दुकानातला रेडिओ, शब्द न कळण्याइतका दबलेला. वरून ठिबकणारं थोडं पाणी. आम्ही इथे बसलो तेव्हा इस्त्रीवाली मोठे, खोल श्वास घेत होती, डोळे मिटून. मी श्वास शोधला. शोधत राहिले. सुस्स… सुस्स…

आणि मग अगदी जवळून, माझ्या दोन कानांच्या मधून, कोणीतरी म्हणालं, “आता एक मिनिट कोणी बोलायचं नाही हं.”

तो आवाज माझा होता.

माझं ते वाक्य प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये असतं, हे खरं. पण ते शांततेच्या आधी असतं. शांततेच्या पोटात नसतं. आणि ते मी कापून टाकते. पहिलं तेच कापते.

पलीकडे वकीलबाई अजून झापतच होत्या. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोणाचा का असेना, फोन ठेवून दिला.

५

इस्त्रीवालीचा नवरा दुकानात काउंटरवर कपड्यांच्या घड्या घालत होता. आम्हाला बघून त्याने मान हलवली, रोजच्यासारखी.

“आत आहे ती. जा ना.”

मी पडदा बाजूला केला. मागच्या खोलीत इस्त्री आपल्या बैठकीवर उभी होती, तापलेली, वाफ सोडत. टेबलावर एक चादर, अर्धी गुळगुळीत, अर्धी चुरगळलेली. स्टूल. मागे दुसरं दार नव्हतं. खिडकीला गज होते.

“नाहीये,” मी म्हटलं.

“असं कसं? आत्ता तर होती.” तो आत आला. स्टुलाखाली वाकून बघितलं त्याने. मोठा माणूस, बायको स्टुलाखाली शोधत होता. “मी काउंटरवरून हललोच नाही. आणि तुमच्याशीच तर बोलत होती ती.”

“माझ्याशी?”

“फोन नाही का केलात तुम्ही? मी ऐकलं की इथून. तुमचाच आवाज. एक मिनिट कोणी बोलू नका म्हणालात. ही मला म्हणाली, रेडिओ कमी करा, ताईंचं काम चाललंय. मी केला कमी.” त्याने आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं. “मग मी काही बोललो नाही. तुम्हीच म्हणालात ना, बोलायचं नाही.”

वकीलबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना मी कोणाच्या खांद्यावर हात ठेवताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

मी माझा फोन काढून दाखवला. सकाळपासून एकही कॉल केलेला नव्हता. त्याने तो दोनदा बघितला, आणि मग इस्त्रीचं बटण बंद केलं. “बिल फार येतं,” असं काहीतरी म्हणाला आणि बसून राहिला.

परत येताना रिक्षात वकीलबाई हळू आवाजात बोलत होत्या. चालक ऐकेल म्हणून नव्हे. “सोपं आहे. लॅपटॉपमधून त्यांच्या हातात सगळी रेकॉर्डिंग गेली आहेत. तुझा आवाजही त्यात आहे. तो कापायचा, जोडायचा, फोनवर वाजवायचा. बाईला वाटतं तू आहेस. ये म्हटलं की ती येते. तू दिवसभर जे करतेस तेच कोणीतरी करतंय.”

हे डोक्यात बसत होतं. फार छान बसत होतं. मी दिवसभर बायकांची नावं जपत होते आणि स्वतःचा आवाज मोकळा सोडला होता. तोही कुणी माहितीत धरत नाही. मला एकदम सणकून राग आला आणि रागाबरोबर हायसं वाटलं. माणूस होता. पकडता येईल असा माणूस होता.

फक्त गजांचं आणि दाराचं काय करायचं, ते आम्ही दोघींनी बोलायचं टाळलं.

“परवा सुनावणी आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “दोघी गेल्या. आता नुसत्या आवाजावर भागायचं नाही, मावशी उभी राहील ना?”

६

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. तिसऱ्या मजल्यावरून ती काठी घेऊन गॅलरीपर्यंत यायची, त्यापुढे नाही. मी तिला सगळं सांगितलं. तो आवाज आणि ती रिकामी खोली, तेवढं सोडून. ते सांगायला गेले असते तर माझंच मला ऐकू आलं असतं.

“म्हणजे मी एकटी उरले,” ती म्हणाली.

“तू नको म्हणालीस तरी चालेल. कोणी तुला—”

“ठमे, गप. बांधलेल्या माणसाला चमच्याने पाणी पाजलंय मी. त्या आजोबांनी माझा पदर धरला होता. सोड म्हणाले नाहीत, नुसता धरला. आणि मी तो सोडवून घेऊन घरी आले, कारण माझी ड्युटी संपली होती.” तिने काठीचं टोक फरशीवर फिरवलं. “परवा मला उचलून न्यावं लागलं तरी न्यायचं. दोन दांडगी माणसं बघून ठेव. त्यातलं एक लग्नाचं असलं तर तुझंही काम होईल.”

मी हसले आणि मला रडू आलं, दोन्ही एकदम.

आता आवाज वाचवायचे होते. लॅपटॉप धडपणे प्रत काढू देत नव्हता. कोणीतरी तो उघडून आतली डिस्क बाहेर काढायला हवी होती. दुरुस्तीवाल्याला घरी बोलवावं असं माझ्या मनात आलं, पण वकीलबाईंनी साफ नकार दिला. साक्षीदाराच्या घराचा पत्ता नव्या माणसाला द्यायचा नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. आणि लॅपटॉप दुकानात एकटा सोडायचा नाही, हा दुसरा. म्हणजे मी जायचं, समोर बसून काम करून घ्यायचं आणि डिस्क घेऊन परत यायचं. खरं सांगायचं तर मला ती वस्तू मावशीच्या घरात नकोच होती. ती घराबाहेर जितकी लांब, तितकी मावशी सुरक्षित, असं मला वाटत होतं. आत्ताही मला कळत नाही, यात चुकलं काय. सगळे नियम पाळले मी.

वकीलबाई कोर्टात अर्ज द्यायला गेल्या होत्या, संपल्यावर मावशीकडे येणार होत्या. मधल्या तासाभराचाच काय तो प्रश्न.

“दार आतून लाव,” मी म्हटलं. “कोणी आलं तरी उघडू नकोस. फोन आला तरी उचलू नकोस. माझा आला तरी.”

“तुझा तर मुळीच नाही उचलत. जातेस का आता? उन्हं उतरायच्या आत ये.”

माझ्या मागे कडी लागल्याचं ऐकून मग मी जिना उतरले.

७

दुकान म्हणजे एक काउंटर, त्यामागे उघड्या पडलेल्या लॅपटॉपांचा ढीग आणि त्यात बसलेला, कपाळावर दिवा बांधलेला लॅपटॉपवाला. त्याने माझा लॅपटॉप हातात घेऊन उलटसुलट केला.

“ताई, याला इथे आणलात? याला पेन्शन मिळायला हवी.”

“हँग होतो. प्रत काढता येत नाही. मला आतली डिस्क काढून हवीय, आणि मी इथेच बसणार आहे.”

“बसा की. खासगी आहे का काही?”

“हो.”

“फोटो?”

“काम आहे.”

“सगळे कामच म्हणतात.” तो हसला, पण नजर खाली ठेवूनच; सभ्य माणूस होता. “डिस्क काढतो. आधी एकदा चालू करून बघू, कुठे अडकतो ते. पासवर्ड तुम्ही टाका, मी तिकडे बघतो.”

तो खरंच तिकडे बघत राहिला. मी पासवर्ड टाकला. त्याने दोन-चार गोष्टी उघडल्या, बंद केल्या, स्वतःचे मोठे हेडफोन आणून खोचले. “आवाजाचं पण बघून घेतो,” म्हणाला. मी नको म्हणायच्या आत ते त्याच्या कानांवर होते.

बाण थिजला.

कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं. आतला पंखा ओरडायला लागला. लॅपटॉपवाल्याने मान जरा तिरकी केली, डोळे बारीक केले आणि ऐकू लागला.

मी त्याचा चेहरा बघत होते. हात आपोआप पिशवीत गेला आणि मी मावशीला फोन लावला. उचलू नको म्हटलं होतं मी. उचलणार नाही, असंच मी मनात म्हणत होते. वाजू दे, वाजून वाजून बंद पडू दे, म्हणजे मला कळेल की ती शहाण्यासारखी आत बसली आहे.

तिने पहिल्याच रिंगला उचलला.

“मावशी! उचलू नको म्हटलं होतं ना?”

“हो गं.”

तिचाच आवाज. माझा जीव भांड्यात पडला. समोर लॅपटॉपवाला हेडफोन एका हाताने कानावर दाबत होता, जास्त नीट ऐकू यावं म्हणून.

“बरी आहेस ना? दार लावलंयस ना आतून?”

“दार लावलेलंच असायचं,” मावशी म्हणाली.

“काय?”

“दार लावलेलंच असायचं.”

“मावशी, कोणी आलं होतं का?”

“कोणी यायचं नाही. हाका मारल्या तरी.”

हे वाक्य मला ठाऊक होतं. ‘यायचं नाही’नंतर ती जरा थांबते, आवंढा गिळते आणि मग ‘हाका मारल्या तरी’ म्हणते. त्या आवंढ्याशी मी अख्खी एक सकाळ घालवली होती. त्याच्या आधी एक नाव होतं, ते मी कापलं होतं.

मी फोन कानाशी घट्ट धरला आणि सवयीने तिच्या शब्दांच्या मागे कान दिला. आमच्या घरात कधी पूर्ण शांत नसतं. फ्रिज आहे, गॅलरीतल्या दाराची काच थरथरते, खालून मुलांचा आरडाओरडा वर येतो. मी शोधलं. तिच्या आवाजामागे खोलीच नव्हती. काहीच नव्हतं. नुसती, मेलेली, भरायची राहिलेली शांतता.

“मावशी,” मी म्हटलं, “मला ठमे म्हण.”

पलीकडे काही नाही. श्वासही नाही.

लॅपटॉपवाल्याने एक कान मोकळा केला आणि खूश होऊन माझ्याकडे वळला. काहीतरी चालतंय म्हटल्यावर कारागिराला आनंद होतोच.

“आवाज एकदम स्वच्छ आहे हो ताई,” तो म्हणाला. “कोणाचं तरी घर दिसतंय. फोन वाजतोय केव्हाचा, उचलायला मात्र कोणी नाहीये.”